घरात कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवताना : पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

माझ्या घरातला पहिला कार्बन मोनॉक्साइड अलार्म मी स्वयंपाकघरात, खिडकीलगत लावला होता, आणि त्यामागचे एकमेव कारण असे की तिथे आधीपासून एक खिळा ठोकलेला होता. पुढे बऱ्याच दिवसांनी एका रात्री, सगळी दारे बंद असताना, मी घरातल्या एकाला त्या अलार्मचे चाचणी बटण दाबायला सांगितले आणि स्वतः शयनगृहात पलंगावर जाऊन पडलो. पंख्याच्या आवाजात मला जे ऐकू आले ते दूर कुठेतरी घड्याळाचा गजर व्हावा इतपतच होते. हे उपकरण जागे असलेल्या माणसासाठी नसून झोपलेल्या माणसासाठी आहे, आणि ते कोणते घ्यावे, कुठे लावावे, केव्हा बदलावे यांतला प्रत्येक निर्णय झोपलेल्याच्या कानाचा आणि श्वासाचा विचार करून घ्यावा लागतो, हे मला त्या रात्री कळले. पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे.

या वायूला रंग, वास किंवा चव नाही. इंधन पुरेशा प्राणवायूविना अर्धवट जळले की तो तयार होतो, मग ते इंधन लाकूड असो, कोळसा असो, रॉकेल, डिझेल, पेट्रोल किंवा गॅस असो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरून ठेवते, त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले तरी ते तासातासाने रक्तात साठत जाते. सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि थकवा. ताप नसलेल्या फ्लूसारखी ती वाटतात आणि माणूस ‘जरा पडतो’ म्हणून त्याच खोलीत आडवा होतो. झोपेत तर लक्षणे जाणवण्याचीही संधी मिळत नाही.

१. घरात हा वायू कुठे तयार होऊ शकतो, याची यादी करा

अलार्म विकत घेण्याआधी एका कागदावर घराचा साधा आराखडा काढा. प्रमाणबद्ध नसला तरी चालेल, पण त्यात प्रत्येक मजला, प्रत्येक झोपण्याची खोली आणि इंधन जाळणारे प्रत्येक उपकरण दिसले पाहिजे. गॅस गीझर, बॉयलर, गॅसवर किंवा रॉकेलवर चालणारे हीटर, लाकूड जाळण्याची शेकोटी, ओव्हन आणि शेगडी यांवर खूण करा. घराला लागून गॅरेज असेल तर तेही दाखवा, कारण आत सुरू ठेवलेल्या गाडीचा धूर दरवाजाच्या फटीतून घरात येतो. एवढेच नव्हे, तर जिप्सम बोर्डच्या भिंतीतूनही हा वायू झिरपून पलीकडे जाऊ शकतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे ‘मध्ये भिंत आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

तुमच्या घरात इंधन जाळणारे काहीही नसेल, पण शेजारच्या किंवा खालच्या घरात असेल, तर सामाईक भिंती, पाइपांसाठी पाडलेली छिद्रे आणि सामाईक धुराडे यांचाही विचार करावा लागतो.

यादी करतानाच उपकरणांकडे नीट पाहून घ्या. निळी असायला हवी ती ज्योत पिवळी किंवा नारिंगी दिसणे, उपकरणाच्या आसपास काजळी धरणे, पायलट ज्योत (उपकरणात सतत पेटती राहणारी छोटी ज्योत) वारंवार विझणे आणि खिडक्यांच्या काचांवर नेहमीपेक्षा जास्त ओल धरणे ही अर्धवट ज्वलनाची चिन्हे आहेत. यांतले काहीही दिसले तर आधी ते उपकरण बंद करून जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे आणि अलार्मचा विचार त्यानंतर करावा. अलार्म धोक्याची सूचना देतो, तो दूर करत नाही. शेवटी, धुराडे किंवा धूर बाहेर नेणारा पाइप बाहेरच्या टोकाशी पक्ष्याच्या घरट्याने, पाल्याने किंवा बांधकामाच्या कचऱ्याने बुजलेला नाही ना, तेही पाहून घ्या.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मोठा एक्झॉस्ट पंखा किंवा शक्तिशाली किचन चिमणी बंदिस्त घरातून इतकी हवा बाहेर खेचते की तिची जागा भरून काढण्यासाठी गीझरच्या किंवा बॉयलरच्या धुराड्यातून हवा उलटी आत येऊ लागते, आणि तिच्यासोबत जळलेला वायूही येतो. एकेकटी तपासली तेव्हा ठीक असलेली दोन उपकरणे एकत्र चालवल्यावर घातक ठरतात ती अशी. नवा पंखा बसवल्यानंतर धुराड्याची तपासणी पुन्हा करून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

२. योग्य उपकरण निवडा

बाजारात दिसायला सारखी असणारी तीन वेगवेगळी उपकरणे मिळतात आणि नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. धुराचा अलार्म धूर ओळखतो, गॅसगळती ओळखणारे उपकरण न जळलेला गॅस ओळखते आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म फक्त कार्बन मोनॉक्साइड ओळखतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. एकत्रित उपकरणेही मिळतात, पण वेष्टनावर दोन्ही कामांचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय तसे गृहीत धरू नये. रंग बदलणारी चिकटपट्टी किंवा कार्ड हा प्रकार मी घरासाठी निरुपयोगी समजतो, कारण झोपलेला माणूस रंग पाहू शकत नाही.

उपकरणावर मानकाचा क्रमांक छापलेला असावा. अमेरिकेत यूएल २०३४ आणि युरोपात ईएन ५०२९१ ही घरगुती अलार्मची प्रमुख मानके आहेत. युरोपीय मानकाचा पहिला भाग घरांसाठी, तर दुसरा भाग कॅराव्हॅन आणि बोटी यांसारख्या हलत्या निवासांसाठी आहे, म्हणून खरेदी करताना भागाचा आकडाही वाचावा. मानकाचा उल्लेखच नसलेले, केवळ आकर्षक पडदा असलेले स्वस्त उपकरण घेऊ नये.

मानके ठरवतात तरी काय, हे समजले की पुढचे अनेक गैरसमज दूर होतात. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग आहेत, हे पीपीएम या एककात मोजतात. यूएल २०३४ नुसार अलार्म ७० पीपीएमला १ ते ४ तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजला पाहिजे. ईएन ५०२९१ नुसार ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत तो वाजावा लागतो. म्हणजे हे उपकरण वायू दिसताक्षणी ओरडत नाही. किती वायू किती वेळ होता याचा ते हिशोब ठेवते, कारण शरीरातही वायू तसाच साठत जातो. परिणामी अलार्म शांत आहे याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा होत नाही. ३० पीपीएमच्या आसपासचे प्रमाण दीर्घकाळ राहिले तरी अनेक अलार्म गप्पच राहतात, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार आठ तासांची सरासरी १० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे सुमारे ९ पीपीएमच्या वर जाऊ नये. घरात गर्भवती स्त्री, तान्हे बाळ, वृद्ध किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर प्रमाणाचा आकडा दाखवणारा आणि गेल्या काही काळातील सर्वोच्च नोंद लक्षात ठेवणारा अलार्म घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आतील संवेदक बहुतेक वेळा विद्युत-रासायनिक प्रकारचा असतो. वायू त्याच्या इलेक्ट्रोडवर पोहोचला की रासायनिक क्रिया होऊन वायूच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा संवेदक वापरात असो वा नसो, काळानुसार झिजतो, आणि अशा अलार्मचे आयुष्य उत्पादकानुसार साधारण ५ ते १० वर्षांचे असते. म्हणून खोक्यावरची नव्हे, तर उपकरणाच्या मागे छापलेली निर्मितीची तारीख पाहावी. माझ्याकडे आलेला दुसरा अलार्म, अगदी सीलबंद असूनही, दुकानातच दोन वर्षे पडून राहिलेला निघाला आणि मला तो परत करावा लागला.

वीजपुरवठ्याचा निर्णय सोपा आहे. संपूर्ण आयुष्य पुरणारी सीलबंद लिथियम बॅटरी असलेला अलार्म नवख्यांसाठी सर्वांत निर्धोक, कारण त्यात बॅटरी बदलायची विसरण्याचा आणि खेळण्यासाठी कोणी ती काढून नेण्याचा, असे दोन्ही धोके टळतात. सॉकेटमध्ये लावायचा अलार्म घेतल्यास त्याला आतली राखीव बॅटरी असलीच पाहिजे, कारण वीज गेल्यावरच जनरेटर आणि कोळशाच्या शेगड्या बाहेर निघतात. घराच्या वायरिंगला थेट जोडायचा अलार्म परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. मोठ्या किंवा अनेक मजली घरात एक वाजला की सगळे वाजतील असे परस्परांशी जोडलेले अलार्म घ्या. मोबाइलवर सूचना पाठवण्याची सोय चांगली असली तरी ती भोंग्याची जागा घेऊ शकत नाही. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी लखलखणारा दिवा आणि उशीखाली ठेवायचे थरथरणारे उपकरण जोडता येते.

३. जागा ठरवा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्यावर खर्च करावा, कारण सर्वांत जास्त चुकीचे सल्ले याच विषयावर मिळतात.

‘हा वायू जड असतो, म्हणून अलार्म जमिनीलगत लावा’ हा त्यांतला सर्वांत पसरलेला सल्ला. कार्बन मोनॉक्साइडचा रेणुभार २८ आहे आणि हवेचा सरासरी सुमारे २९, म्हणजे हा वायू हवेपेक्षा किंचित हलकाच असतो आणि खोलीभर मिसळून जातो. गरम ज्वलनातून आल्यामुळे तो बहुधा आधी वर चढतो. जमिनीलगत बसवायचे असते ते स्वयंपाकाच्या एलपीजीची गळती ओळखणारे उपकरण, कारण एलपीजी हवेपेक्षा खरोखर जड आहे. या दोन उपकरणांच्या नियमांची सरमिसळ झाल्यानेच हा समज रुजला असावा.

किमान व्यवस्था अशी असावी : प्रत्येक झोपण्याच्या भागाबाहेर एक, प्रत्येक मजल्यावर किमान एक (तळघर धरून), आणि ज्या झोपण्याच्या खोलीत इंधन जाळणारे उपकरण आहे किंवा जिच्या भिंतीपलीकडे ते आहे, त्या खोलीच्या आत एक. एकच अलार्म घेणे शक्य असेल तर तो झोपण्याच्या खोल्यांजवळ लावा, आणि दारे बंद असताना पलंगावरून त्याचा आवाज ऐकू येतो याची खात्री करा. शयनगृहे घराच्या दोन टोकांना असतील तर एका अलार्मने भागणार नाही.

नेमकी उंची आणि अंतर यांबाबत तुमच्या उपकरणाची पुस्तिका हाच अंतिम आधार मानावा. युरोपीय पद्धतीच्या मार्गदर्शनानुसार, उपकरण असलेल्या खोलीत अलार्म छतावर लावला तर तो कोणत्याही भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर असावा. भिंतीवर लावला तर दारे-खिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच, पण छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली असावा, आणि इंधन जाळणाऱ्या उपकरणापासून त्याचे आडवे अंतर १ ते ३ मीटर असावे. झोपण्याच्या खोलीत मात्र तो झोपलेल्याच्या श्वासाच्या उंचीला लावावा. अमेरिकी बाजारातल्या बऱ्याच पुस्तिका याउलट इंधन जाळणाऱ्या उपकरणापासून सुमारे साडेचार मीटर दूर राहायला सांगतात, कारण पेटताना सुटणाऱ्या क्षणिक वायूने खोटे इशारे होऊ नयेत. दोन्ही सल्ले वाचून मी काही दिवस गोंधळात होतो. त्यांत कोणी खोटे बोलत नाही, ते वेगवेगळ्या मानकांनुसार घडवलेल्या उपकरणांसाठी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शेजाऱ्याच्या अलार्मची जागा पाहून आपली जागा ठरवू नये.

पुढील जागा मात्र सर्वच परिस्थितींत टाळाव्यात. शेगडीच्या थेट वर लावू नये, कारण तेथे वाफ, तेलकट धूर आणि उष्णता असते. खिडकी, बाहेरचा दरवाजा, एक्झॉस्ट पंखा किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोताजवळ लावू नये, कारण ताज्या हवेच्या प्रवाहात बसलेल्या अलार्मला खोलीतली खरी हवा भेटतच नाही. माझा खिडकीलगतचा अलार्म नेमका याच चुकीचा नमुना होता. पडद्यामागे, कपाटात किंवा फर्निचरच्या आड लावू नये. न्हाणीघरात, जेथे दमटपणाने संवेदक बिघडतो, किंवा उत्पादकाने दिलेल्या तापमानमर्यादेबाहेर जाणाऱ्या माळ्यावर आणि गॅरेजमध्येही लावू नये. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर खरा उपाय अलार्म नसून तो गीझर बाहेरच्या हवेशीर जागी हलवणे किंवा त्याचा धूर पाइपने थेट घराबाहेर सोडणे हा आहे. न्हाणीघरासारख्या छोट्या बंद खोलीत प्रमाण इतक्या झपाट्याने चढू शकते की दाराबाहेरच्या अलार्मला ते उशिरा कळते.

धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारे एकत्रित उपकरण असेल तर धुराच्या अलार्मचे जागेचे नियम पाळावेत, म्हणजे शक्यतो छतावर लावावे.

ठरवलेल्या जागी आधी दोन दिवस चिकटपट्टीने एक कागद लावून ठेवा. पंख्याचा झोत किंवा दाराचा फटका तिथे येतो का, शिडी उभी करायला जागा आहे का आणि चाचणीच्या बटणापर्यंत हात पोहोचतो का, हे त्यातून कळते.

४. साहित्य आणि कागदपत्रे जवळ ठेवा

उपकरणासोबतची पुस्तिका, खरेदीची पावती, घराचा काढलेला आराखडा, मोजपट्टी, पेन्सिल, ड्रिल आणि योग्य मापाचे टोक, प्लास्टिकचे प्लग आणि स्क्रू (हे बहुधा खोक्यात असतात), स्क्रू ड्रायव्हर, स्थिर शिडी, डोळ्यांसाठी चष्मा, धुळीसाठी मास्क आणि न पुसली जाणारी शाई असलेला मार्कर एवढे पुरते. घर भाड्याचे असेल तर भिंतीला छिद्र पाडण्याची घरमालकाची लेखी परवानगीही घ्या. काही देशांत हा अलार्म पुरवणे ही घरमालकाचीच कायदेशीर जबाबदारी आहे, म्हणून स्वतः खर्च करण्यापूर्वी आपल्या भागातील नियम विचारून घ्यावा. गॅस उपकरणांच्या शेवटच्या तपासणीचा कागदही याच फाइलमध्ये ठेवला तर पुढे तंत्रज्ञ आल्यावर शोधाशोध होत नाही.

५. प्रत्यक्ष बसवणी

घरात रंगकाम, पॉलिश किंवा सिलिकॉनचे काम चालू असेल तर ते पूर्ण होऊन वास जाईपर्यंत अलार्म खोक्यातून काढू नका. या पदार्थांच्या वाफांनी खोटा इशारा होतो, आणि दीर्घकाळ संपर्क आला तर संवेदक कायमचा निकामी होऊ शकतो.

आधी फक्त तळपट्टी, म्हणजे अलार्म ज्यावर बसतो ती मागची पट्टी, भिंतीला धरून छिद्रांच्या खुणा करा आणि अलार्म दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण ड्रिलची धूळ संवेदकाच्या जाळीत जाणे चांगले नाही. स्विच, सॉकेट किंवा दिव्याच्या सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडव्या रेषेत छिद्र पाडू नका. भिंतीतल्या तारा बहुधा त्याच रेषांवर धावतात. गॅसचा किंवा पाण्याचा पाइप कुठून गेला आहे याची शंका असेल तर काम थांबवून माहितगाराला विचारा. शिडी एकाने धरावी आणि दुसऱ्याने चढावे. खुर्चीवर स्टूल ठेवून चढण्याचा उद्योग मीही केला आहे आणि तो मी कोणालाही सुचवणार नाही.

छिद्र पाडून झाले की धूळ पुसून प्लग बसवा आणि तळपट्टी घट्ट आवळा. अनेक सीलबंद अलार्म तळपट्टीवर फिरवून बसवले की आपोआप चालू होतात, तर काहींना वेगळी कळ सरकवावी लागते किंवा बॅटरीची पट्टी ओढून काढावी लागते. नवख्यांचा एक नेहमीचा सापळा इथे आहे : अलार्म भिंतीवर नीट बसलेला दिसतो, पण तो चालूच केलेला नसतो. चालू असल्याची खूण देणारा दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो ते पुस्तिकेत पाहून तेवढा वेळ समोर थांबून खात्री करा. भिंतीवर चढवण्यापूर्वी उपकरणाच्या कडेला, खालून दिसेल अशा ठिकाणी, बसवल्याची तारीख आणि बदलण्याची तारीख मार्करने लिहा. उपकरणावर रंग मारू नका, त्यावर स्टिकर लावू नका आणि त्याची छिद्रे झाकू नका.

६. चाचणी घ्या, पण योग्य पद्धतीने

चाचणीचे बटण दाबल्यावर भोंगा, बॅटरी आणि विद्युत्परिपथ ठीक असल्याचे कळते. संवेदक वायू ओळखतो की नाही हे बटणाने नेहमीच सिद्ध होत नाही. म्हणून काही जण गाडीच्या धुराड्यापाशी अलार्म धरतात, तर काही जण खोलीत कोळसा पेटवून पाहतात. असे कधीही करू नये. त्यात प्रमाण किती झाले यावर ताबा राहत नाही, काजळीने आणि प्रखर वायूने संवेदक बिघडतो आणि चाचणी घेणाराच बाधित होऊ शकतो. संवेदकाचीच परीक्षा घ्यायची असेल तर ठरावीक प्रमाणाचा वायू असलेला चाचणी-संच मिळतो, तो तुमच्या अलार्मला चालतो असे उत्पादकाने म्हटले असेल तरच वापरावा.

पहिली चाचणी दोघांनी मिळून घ्यावी. एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने प्रत्येक झोपण्याच्या खोलीत, दार लावून, पंखा चालू ठेवून, उशीवर डोके ठेवून ऐकावे. या अलार्मचा आवाज मानकानुसार तीन मीटरवर सुमारे ८५ डेसिबल असतो, पण दोन बंद दारांपलीकडे तो बराच विरतो. आवाज अपुरा वाटला तर जागा बदला किंवा जोडअलार्म घ्या. उत्पादकाच्या सूचनेनुसार दर आठवड्याला किंवा महिन्याला चाचणी घेत राहावी.

घरातल्या सर्वांना, मुलांनाही, इशाऱ्यांतला फरक ऐकवून ठेवा. बऱ्याच उपकरणांत चार वेळा पिप आणि मग विश्रांती हा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा असतो, तर तीन पिप आणि विश्रांती हा धुराचा. मिनिटाला एखादा बारीक टिवटिवाट म्हणजे बहुधा बॅटरी उतरल्याची किंवा उपकरणाचे आयुष्य संपल्याची खूण. मध्यरात्री हा टिवटिवाट सुरू झाला की वैतागून अलार्म उचकटून खणात टाकण्याचा मोह होतो. सकाळी तो पुन्हा लावायचा राहून जातो आणि त्यानंतरचे कित्येक महिने भिंतीवर फक्त तळपट्टी उरते.

७. अलार्म वाजला तर काय करायचे, हे आधीच ठरवा

घरातल्या सर्वांना आणि पाळीव प्राण्यांना घेऊन ताबडतोब उघड्या हवेत जा. वाटेत हाताशी असलेले दार-खिडकी उघडता आली किंवा उपकरण बंद करता आले तर ठीक, परंतु त्यासाठी थांबू नका. बाहेर जमण्याची जागा ठरलेली असावी आणि तिथे माणसे मोजावीत. मग तुमच्या भागातील आपत्कालीन क्रमांकाला फोन करून ‘कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला आहे’ असे स्पष्ट सांगा, आणि कोणाला डोकेदुखी, उलटी, छातीत दुखणे, गोंधळलेपण किंवा बेशुद्धी असेल तर तेही सांगा. मदत येऊन तपासणी होईपर्यंत आत परत जाऊ नका. खिडक्या उघडल्यावर अलार्म गप्प होतो आणि लोक खोटा इशारा समजून झोपायला जातात. वायूचा उगम मात्र तसाच चालू असतो.

बाधित व्यक्तीच्या बोटाला साधा पल्स ऑक्सिमीटर लावून ‘प्राणवायू ठीक आहे’ असा निष्कर्ष काढू नये. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तो गंभीर विषबाधेतही चांगला आकडा दाखवू शकतो. रुग्णालयात रक्ताची स्वतंत्र तपासणी करतात आणि शुद्ध प्राणवायू देतात. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात, तर शुद्ध प्राणवायूवर तेच सुमारे एक ते दीड तासात होते. म्हणून बाहेर येऊन जरा बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नका, आणि अलार्म वाजला होता हे त्यांना आवर्जून सांगा. लक्षणे इतकी सर्वसाधारण असतात की सांगितल्याशिवाय कारण लक्षात येईलच असे नाही.

८. कारण सापडत नाही तेव्हा

कारण शोधण्याचे काम घर मोकळे केल्यावर आणि तज्ज्ञांनी हवा मोजल्यावरच सुरू होते, त्याआधी प्रत्येक इशारा खराच मानायचा. तपासणीत वायू सापडला नाही तर काही गोष्टी पाहाव्यात. विद्युत-रासायनिक संवेदक हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो, आणि चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. इन्व्हर्टरची बॅटरी अलार्मच्या खाली किंवा जवळ असेल तर बॅटरी हवेशीर जागी हलवावी किंवा अलार्मची जागा बदलावी. केसांचा स्प्रे, हात निर्जंतुक करण्याचे अल्कोहोल, रंगाचा थिनर आणि तीव्र स्वच्छताद्रव्ये यांचाही असाच परिणाम होऊ शकतो.

इशारा ठरावीक वेळीच येत असेल तर वेळ, हवामान आणि त्या वेळी चालू असलेली उपकरणे यांची वही ठेवा. थंड, वाराविरहित रात्री किंवा एक्झॉस्ट पंखा चालू असतानाच इशारा येत असेल, तर दोष अलार्मचा नसून धुराड्याचा असण्याची शक्यता मोठी आहे. दिवसा दारे उघडी ठेवून आलेल्या तंत्रज्ञाला काहीच सापडत नाही, ते याचमुळे. त्याला वही दाखवून त्याच परिस्थितीत, दारे बंद ठेवून, पंखा लावून मोजणी करायला सांगा.

वीज गेल्यावर वापरायचा जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर आणि धुराची नळी घराकडे नसेल असा ठेवावा. गॅरेजचे शटर उघडे ठेवून आत चालवणे पुरेसे नाही. कोळशाची शेगडी उबेसाठी झोपण्याच्या खोलीत कधीही नेऊ नये, ती विझत आलेली दिसली तरीही. निखाऱ्यांतून धूर दिसेनासा झाल्यावरही हा वायू निघतच असतो.

९. देखभाल आणि बदल

काही महिन्यांतून एकदा व्हॅक्युम क्लीनरच्या मऊ ब्रशने बाहेरची धूळ काढा. ओल्या फडक्यावर साबण किंवा फवारा वापरू नका. बदलता येणारी बॅटरी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचीच घाला. घराचे रंगकाम निघाले तर अलार्म तात्पुरता काढून बंद डब्यात ठेवा, पण ज्या रात्री घरात कोणी झोपणार असेल त्या रात्री तो परत जागेवर असला पाहिजे.

कडेवर लिहिलेली तारीख आली की चाचणीचे बटण कितीही जोरात वाजत असले तरी अलार्म बदला, कारण भोंगा शाबूत राहतो आणि संवेदक संपलेला असतो. नवा अलार्म बसवून, चालू करून, पलंगावरून ऐकून झाल्यावरच जुना उतरवा. त्यानंतर जुन्याची बॅटरी पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे निष्क्रिय करा, म्हणजे तो टोपलीत पडून टिवटिवणार नाही, आणि त्यात रसायन व बॅटरी असल्यामुळे तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.